राजाश्रय आणि लोकाश्रय: हवाई विद्यापीठातील व्हॉलीबॉलचा इतिहास (१९७२–२०२२)

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडेचा इतिहास बहुधा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांपासून सुरू होतो, आणि स्त्रियांचे संघ त्या इतिहासात उशिरा, अनेकदा कायद्याच्या रेट्यामुळे आणि दुय्यम मानाने प्रवेश करतात. होनोलुलु शहरातील मानोआ खोऱ्यात वसलेल्या हवाई विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलमध्ये मात्र हा क्रम उलटा आहे. तेथे स्त्रियांचा संघ आधी उभा राहिला, त्याने आधी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि तिकीट काढून खेळ पाहणारा प्रेक्षकवर्ग घडवला. पुरुषांचा संघ नंतर आला आणि त्याच प्रेक्षकवर्गाच्या बळावर वाढला. हे घडण्यामागे दोन शक्ती होत्या. पहिली समतेचा कायदा, म्हणजे आधुनिक अर्थाने राजाश्रय. दुसरी बेटांवरील सामान्य माणसांचा लोकाश्रय. या दोहोंची सांगड कोणी घातली, तिला कोणते अडथळे आले आणि तिची फळे पुढे पुरुषांच्या संघालाही कशी मिळाली, याचा मागोवा घेतल्यास क्रीडासमतेविषयीच्या अनेक रूढ समजुती तपासून पाहता येतात.

प्रशांत महासागरातील हवाई बेटे अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून सुमारे ३,९०० किलोमीटर दूर आहेत. १९५९ साली ती अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाली, तोवर उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर कामाला आणलेल्या जपानी, चिनी, फिलिपिनो आणि पोर्तुगीज मजुरांच्या दोन-तीन पिढ्या मूळ हवाईवासीयांबरोबर तेथे रुजल्या होत्या. १८९५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक येथे विल्यम मॉर्गन यांनी व्यायामशाळेसाठी शोधलेला व्हॉलीबॉल हा खेळ या मिश्र समाजाला चांगलाच मानवला, कारण त्याला थोडी जागा, एक जाळे आणि एक चेंडू एवढेच लागते आणि वर्षभर उबदार असलेल्या हवेत तो उघड्यावर खेळता येतो. वाइकीकीच्या किनाऱ्यावरील आउटरिगर कनू क्लबच्या सभासदांनी १९१५ च्या सुमारास वाळूवर जाळे बांधले आणि तेथूनच बीच व्हॉलीबॉलची परंपरा सुरू झाली, असे मानले जाते. शाळा, उद्याने आणि समुद्रकिनारे या तिन्ही ठिकाणी मुलगे आणि मुली हा खेळ खेळत असत, आणि राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधील एकही संघ नसल्यामुळे विद्यापीठाच्या संघाकडे संपूर्ण राज्याचा संघ म्हणून पाहिले जाण्यास जागा मोकळी होती. जमीन अशी तयार होती, पण तिच्यात संस्थात्मक बीज पडण्यासाठी एका कायद्याची गरज लागली.

तो कायदा म्हणजे २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या स्वाक्षरीने अमलात आलेल्या शिक्षणविषयक दुरुस्त्यांमधील नववे प्रकरण, जे ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखले जाते. संघराज्य सरकारचा निधी घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगाच्या कारणावरून कोणालाही वगळता येणार नाही, एवढाच त्याच्या मुख्य कलमाचा आशय आहे आणि मूळ इंग्रजीत ते कलम अवघ्या ३७ शब्दांचे आहे. त्यात खेळाचा उल्लेखही नाही. प्रतिनिधिगृहात या तरतुदीसाठी झटलेल्यांमध्ये ओरेगनच्या एडिथ ग्रीन यांच्या जोडीने हवाईच्या पॅट्सी टाकेमोटो मिंक यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. माउई बेटावर १९२७ साली जपानी वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या मिंक यांना डॉक्टर व्हायचे होते; परंतु अर्ज केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी नकार दिल्यावर त्या कायद्याकडे वळल्या, आणि वकिलीची पदवी मिळाल्यावरही विवाहित स्त्री म्हणून त्यांना नोकरी मिळेना. १९६४ च्या निवडणुकीत विजयी होऊन त्या प्रतिनिधिगृहातील पहिल्या गौरेतर महिला सदस्य ठरल्या. शिक्षणातील दारे स्त्रियांना बंद असणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या व्यक्तीने हा कायदा लढवला, ही गोष्ट त्याच्या पुढील इतिहासात महत्त्वाची ठरली.

त्याच १९७२ साली हवाई विद्यापीठाने डॉनिस थॉम्पसन यांना महिला क्रीडासंचालकपदी नेमले. शिकागोत जन्मलेल्या आणि ॲथलीट व प्रशिक्षक म्हणून घडलेल्या थॉम्पसन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हवाईत आल्या होत्या. क्रीडासंचालक म्हणजे विद्यापीठाच्या सर्व संघांचे अंदाजपत्रक, प्रशिक्षकांच्या नेमणुका, सामन्यांचे वेळापत्रक आणि निधिसंकलन पाहणारा अधिकारी. अमेरिकी विद्यापीठांत हे पद मोठ्या प्रभावाचे असते. थॉम्पसन यांच्या वाट्याला मात्र तुटपुंजा निधी आला, आणि व्यायामशाळेच्या वेळा व प्रवासखर्च यांसाठी त्यांना प्रत्येक वेळी झगडावे लागले. अशा परिस्थितीत त्यांनी घेतलेला निर्णय पुढील पन्नास वर्षांना वळण देणारा ठरला. अनेक खेळांवर थोडा थोडा पैसा पसरून टाकण्याऐवजी, ज्या खेळाची स्थानिक परंपरा बळकट आहे आणि ज्यात बेटांवरच्याच मुलींच्या जोरावर राष्ट्रीय पातळी गाठता येईल, त्या व्हॉलीबॉलवर त्यांनी भर दिला. स्त्रियांचा खेळ हा केवळ विद्यार्थिनींच्या आरोग्याचा विषय नसून तो पाहण्यासाठी लोक पैसे मोजतील, असा त्यांचा विश्वास होता, आणि त्या काळात असा विश्वास बाळगणारे प्रशासक फार थोडे होते.

१९७४ साली ॲलन कँग यांच्या प्रशिक्षणाखाली ‘रेनबो वाहिने’ या नावाचा विद्यापीठीय महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. हवाई भाषेत वाहिने म्हणजे स्त्री. ही स्पर्धा ‘असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फॉर विमेन’, म्हणजे एआयएडब्ल्यू, ही संघटना भरवीत असे. स्त्री-शिक्षकांनी चालवलेल्या या संघटनेने प्रारंभी खेळाडूंना क्रीडाशिष्यवृत्ती देण्यासच मनाई केली होती, कारण पुरुषांच्या क्रीडाक्षेत्रातील बाजारूपणा स्त्रियांच्या खेळात येऊ नये अशी तिची भूमिका होती. १९७३ साली न्यायालयात दाद मागितली गेल्यावर तिला ही बंदी उठवावी लागली. हवाईच्या संघाने पहिल्याच प्रयत्नात अंतिम फेरी गाठली आणि तेथे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून, म्हणजे यूसीएलएकडून, हार पत्करली. १९७५ सालीही त्याच प्रतिस्पर्ध्यापुढे उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. तरीही खंडापासून इतक्या दूर असलेल्या, संघ म्हणून नुकत्याच जन्मलेल्या विद्यापीठाने कॅलिफोर्नियातील मातब्बरांशी दोन वर्षे ओळीने अंतिम झुंज द्यावी, याने बेटांवर आपलेपणाची लाट उठली.

या संघाचे भवितव्य मात्र वॉशिंग्टनमध्येही ठरत होते. टायटल नाइनची नियमावली १९७५ साली तयार झाली तेव्हा, पुरुषांच्या मोठ्या खेळांचे उत्पन्न धोक्यात येईल या भीतीने क्रीडाक्षेत्रातील प्रस्थापितांनी तिच्या कक्षेतून खेळ वगळण्याचे प्रयत्न सुरू केले. जुलै १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहात नियमावलीची अंमलबजावणी कमकुवत करणाऱ्या तरतुदीवर मतदान व्हायचे होते, आणि तिच्याविरुद्धच्या बाजूचे नेतृत्व मिंक करीत होत्या. ऐन त्या वेळी न्यूयॉर्क राज्यात त्यांच्या मुलीला गंभीर मोटार-अपघात झाल्याची वार्ता आली, त्या सभागृह सोडून तातडीने निघाल्या आणि त्यांच्या बाजूचा एका मताने पराभव झाला. परिस्थिती समजल्यावर सभागृहाने काही दिवसांतच फेरमतदान घेतले आणि २१५ विरुद्ध १७८ अशा मतांनी आधीचा निकाल फिरवला. नियमावली अबाधित राहिली आणि विद्यापीठांना तिची पूर्तता करण्यासाठी १९७८ पर्यंतची मुदत मिळाली. मानोआमधील संघाला पुढे मिळालेल्या शिष्यवृत्त्या, प्रवासखर्च आणि प्रशिक्षकांचे वेतन यांचा पाया या फेरमतदानात शाबूत राहिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

१९७५ सालीच डेव्ह शोजी या कॅलिफोर्नियात वाढलेल्या, जपानी वंशाच्या तरुणाकडे महिला संघाचे प्रशिक्षण अर्धवेळ स्वरूपात सोपवण्यात आले. सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून ते स्वतः उत्तम दर्जाचे व्हॉलीबॉल खेळले होते. त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी खेळाची रचना ध्यानात घ्यावी लागते. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस पहिल्या स्पर्शाने उचलणे म्हणजे पास. दुसऱ्या स्पर्शाने चेंडू जाळ्याजवळ नेमक्या उंचीवर चढवून देणारा खेळाडू म्हणजे सेटर. आणि तिसरा स्पर्श म्हणजे बहुधा स्मॅश. पहिला पास सेटरच्या हातात अचूक पडला तरच सेटरला मधून, कडेने किंवा मागून असे आक्रमणाचे सर्व पर्याय खुले राहतात आणि समोरच्या ब्लॉकला, म्हणजे जाळ्यावर हात उंचावून उभ्या राहणाऱ्या भिंतीला, चकवता येते. हवाईच्या मुली कॅलिफोर्नियातील प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उंचीने बहुधा कमी असत. म्हणून चेंडूवरील ताबा, जमिनीलगतचा बचाव आणि वेगवान आक्रमण यांवर संघाची उभारणी झाली, आणि लहानपणापासून वाळूवर व उद्यानात खेळल्यामुळे आलेले हाताचे कसब तेथे उपयोगी पडले. त्या काळी ज्या संघाची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळत असे आणि डाव १५ गुणांचा असे; त्यामुळे पिछाडीवर पडलेल्या संघालाही चिकाटीने सर्व्हिस परत मिळवून सामना फिरवता येत असे, आणि चिवट बचाव हे खरेखुरे शस्त्र ठरत असे.

या खेळाचे रंगमंदिर होते विद्यापीठाच्या आवारातील क्लम जिम्नेशियम. जेमतेम दोन हजारांच्या आत प्रेक्षक मावतील अशा या वातानुकूलन नसलेल्या इमारतीत मैदान आणि बाकडी यांच्यामध्ये अंतर असे नव्हतेच. दमट उष्म्याने पाहुण्या संघांचा दम निघे, प्रेक्षकांचा आवाज पत्र्याखाली घुमे आणि महत्त्वाच्या सामन्यांना जागा मिळवण्यासाठी लोक दरवाजे उघडण्याच्या कितीतरी आधीपासून रांग लावत. आजीपासून नातवापर्यंत सारे घर एकत्र येई, कारण मैदानावरची मुलगी कोणाच्या तरी गल्लीतली, शाळेतली किंवा नात्यातली असे. क्लम अपुरे पडू लागले तेव्हा काही मोठे सामने शहरातील ब्लेझडेल अरिनात नेण्यात आले आणि स्त्रियांच्या खेळासाठी हजारोंनी तिकिटे खपतात, हे थॉम्पसन यांचे म्हणणे आकड्यांनी सिद्ध झाले. १९७७ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून पुन्हा अंतिम फेरीत पराभव झाला. अखेर १९७९ साली इलिनॉय राज्यातील कार्बनडेल येथे यूटा स्टेट विद्यापीठाला पाच डावांच्या सामन्यात नमवून हवाईने एआयएडब्ल्यूचे विजेतेपद मिळवले. थॉम्पसन १९८१ साली राज्याच्या शिक्षण खात्याच्या अधीक्षक झाल्या, आणि त्या पदावर पोहोचणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत्या. त्यांनी मागे सोडलेला संघ तोवर स्वतःच्या पायावर उभा होता.

१९८० च्या दशकाच्या आरंभी महिला क्रीडेची सत्तास्थाने बदलली. पुरुषांच्या विद्यापीठीय क्रीडेचे नियमन करणारी ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’, म्हणजे एनसीएए, हिने १९८१-८२ पासून स्त्रियांच्याही राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या. तिच्या आर्थिक बळापुढे एआयएडब्ल्यूचा टिकाव लागला नाही आणि स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेली ती संघटना बंद पडली. साधने वाढली, परंतु निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवरील स्त्रियांची संख्या घटली, ही या स्थित्यंतराची दुसरी बाजू विसरता येत नाही. नव्या व्यवस्थेत हवाईने लगेच आपला ठसा उमटवला. १९८२ च्या अंतिम सामन्यात दक्षिण कॅलिफोर्नियाविरुद्ध पहिले दोन डाव गमावल्यावर संघाने उरलेले तिन्ही डाव जिंकले, आणि १९८३ साली यूसीएलएला हरवून विजेतेपद राखले. या दोन्ही विजयांच्या केंद्रस्थानी असलेल्या डीट्रा कॉलिन्स यांना त्या काळातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन महिला क्रीडापटूचा सन्मान मिळाला आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये त्या अमेरिकेकडून खेळल्या. १९८७ साली टी विल्यम्स यांच्या तडाखेबंद खेळाच्या जोरावर स्टॅनफर्डला नमवून हवाईने एनसीएएचे तिसरे विजेतेपद पटकावले.

लोकाश्रयाला दगड-सिमेंटचे रूप आले ते १९९४ साली. विद्यापीठाच्या आवारात नवे क्रीडागृह बांधण्याचा बेत आखला गेला तेव्हा मूळ कल्पना सुमारे चार हजार आसनांची होती. क्रीडासंचालक स्टॅन शेरिफ यांनी दहा हजार आसनांचा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला. इमारत पूर्ण होण्याआधीच, १९९३ च्या जानेवारीत, त्यांचे निधन झाले आणि पुढे क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. सुमारे १०,३०० प्रेक्षकांच्या या वास्तूत महिला व्हॉलीबॉलच्या सामन्यांना हंगामामागून हंगाम सरासरीने सहा हजारांहून अधिक लोक येत राहिले, आणि प्रेक्षकसंख्येच्या राष्ट्रीय क्रमवारीत हवाईने दीर्घकाळ पहिले स्थान राखले. घरच्या सामन्यांचे दूरचित्रवाणीवरून होणारे प्रक्षेपण दूरच्या बेटांवरील खेड्यांतही पोहोचत असल्यामुळे तेथील शाळकरी मुलींना विद्यापीठाच्या सेटरचे नाव तोंडपाठ असे. १९९६ साली स्वीडनच्या अँगेलिका युंगक्विस्ट आणि होनोलुलुच्या रॉबिन आ मो यांच्या संघाने पुन्हा अंतिम फेरी गाठली, पण तेथे स्टॅनफर्ड सरस ठरले.

पुरुषांचा विद्यापीठीय संघ १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, म्हणजे महिला संघ राष्ट्रीय पातळीवर नावारूपाला आल्यानंतर, आणि प्रारंभीची काही वर्षे त्याचेही प्रशिक्षण शोजी यांच्याकडेच होते. अमेरिकेत पुरुषांचा विद्यापीठीय व्हॉलीबॉल हा मर्यादित विस्ताराचा खेळ राहिला आहे. एनसीएएच्या पुरुषांच्या स्पर्धा १९७० पासून, म्हणजे स्त्रियांच्या आधी अकरा वर्षे, सुरू झाल्या असल्या तरी वरच्या गटातील शेकडो विद्यापीठांपैकी फारच थोड्यांनी हा खेळ जोपासला, आणि अनेक दशके पुरुषांच्या एका संघाला जेमतेम साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती, तर स्त्रियांच्या संघाला बारा. याचे खापर अनेकदा टायटल नाइनवर फोडले जाते. वस्तुतः कायदा कोणताही खेळ बंद करण्यास सांगत नाही. फुटबॉलच्या एकाच संघाला ८५ शिष्यवृत्त्या देऊन मग समतोल साधण्यासाठी पुरुषांच्या छोट्या खेळांवर कुऱ्हाड चालवायची, हा प्रशासकांनी केलेला निवाडा होता. हवाईतील अनुभव या बाबतीत बोलका आहे, कारण तेथे स्त्रियांच्या यशानेच पुरुषांच्या संघाला क्रीडागृह, प्रक्षेपण आणि जाणकार प्रेक्षक मिळवून दिले.

त्याची प्रचीती १९९० च्या दशकाच्या मध्यात आली. माइक विल्टन यांच्या प्रशिक्षणाखालील संघात इस्राएलचे युवाल कात्झ दाखल झाले, त्यांच्या धारदार सर्व्हिस आणि स्मॅशने नवे क्रीडागृह पुरुषांच्या सामन्यांनाही तुडुंब भरू लागले आणि १९९६ च्या अंतिम सामन्यात हवाईने यूसीएलएला त्याच्याच अंगणात पाच डावांपर्यंत झुंजवले. २००२ साली पेन्सिल्व्हेनियात पेपरडाइन विद्यापीठाचा पराभव करून पुरुषांनी पहिले राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. परंतु संघाचे आघाडीचे खेळाडू कोस्तास थिओखारिडिस हे विद्यापीठात येण्यापूर्वी ग्रीसमध्ये व्यावसायिक संघाशी संबंधित असल्यामुळे एनसीएएच्या हौशी खेळाडूंविषयीच्या नियमांनुसार ते अपात्र ठरले आणि विजेतेपद रद्द झाले. युरोपात क्लब हीच खेळाची शाळा असते, तर अमेरिकेत विद्यापीठ. या दोन व्यवस्थांमधील विसंगतीची किंमत संपूर्ण संघाला मोजावी लागली.

या आघातातून पुन्हा शिखर गाठण्यास जवळजवळ दोन दशके लागली. एक दशकाहून अधिक काळ शोजी यांचे सहायक राहिलेले चार्ली वेड २००९ साली पुरुषांच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, म्हणजे महिला संघात मुरलेली कार्यपद्धती थेट पुरुषांच्या संघात आली. २०१९ च्या अंतिम सामन्यात लाँग बीच स्टेटकडून हार झाली आणि २०२० चा हंगाम कोविडच्या साथीने अर्ध्यावर थांबला, तेव्हा हवाईची गणना देशातील सर्वोत्तम संघांत होत होती. ८ मे २०२१ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथे बल्गेरियाच्या रादो पारापुनोव यांच्या संघाने ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला सरळ तीन डावांत हरवले, आणि २०२२ साली लाँग बीच स्टेटवरही तसाच विजय मिळवून विजेतेपद राखले. महिलांच्या १९८२ आणि १९८३ च्या लागोपाठच्या विजेतेपदांना जवळजवळ चाळीस वर्षांनी पुरुषांनी दिलेले हे उत्तर होते.

महिला संघाची बाजू या काळात मिश्र राहिली. २०१३ साली शोजी यांनी यूसीएलएचे अँडी बॅनाखॉव्स्की यांचा विक्रम मागे टाकून सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक होण्याचा मान मिळवला, आणि २०१७ साली १,२०२ विजयांनिशी ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या रॉबिन आ मो या तीन ऑलिंपिक खेळलेल्या आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या माजी सेटर आहेत. हवाईतील शाळेतून विद्यापीठात, विद्यापीठातून राष्ट्रीय संघात आणि तेथून प्रशिक्षकपदावर, असा त्यांचा प्रवास थॉम्पसन यांच्या मूळ कल्पनेची परिपूर्ती आहे. मात्र १९८७ नंतर राष्ट्रीय विजेतेपद या संघाला मिळालेले नाही. मोठ्या फुटबॉल विद्यापीठांनी दूरचित्रवाणीच्या करारांतून आलेला पैसा महिला व्हॉलीबॉलमध्ये ओतण्यास सुरुवात केली. २०१३ साली नेब्रास्का विद्यापीठाने प्रेक्षकसंख्येत हवाईला मागे टाकले आणि दहा वर्षांनी आपल्या फुटबॉल मैदानावर एका सामन्यासाठी ९२,००३ प्रेक्षक जमवले. स्त्रियांच्या खेळाला लोक पैसे मोजून येतात हे हवाईने आधी दाखवून दिले, आणि अधिक धनवान विद्यापीठांनी तो धडा गिरवला.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, कायद्याने मिळालेला हक्क आणि लोकांनी दिलेला आधार ही परस्परांना पर्याय असलेली साधने नाहीत. टायटल नाइन नसता तर थॉम्पसन यांच्या योजनेला निधीचा आणि शिष्यवृत्त्यांचा भक्कम पाया लाभला नसता. पण तोच कायदा शेकडो विद्यापीठांना लागू होता आणि त्यांपैकी बहुतेकांनी तो रिकाम्या बाकड्यांसमोर, केवळ हिशेबाच्या पूर्ततेसाठी पाळला. हवाईत एका प्रशासिकेने स्थानिक परंपरा ओळखली, मुलींच्या खेळाला सन्मानाचे सभागृह मिळवून दिले आणि प्रेक्षकाला ग्राहक म्हणून, नागरिक म्हणून आणि नातलग म्हणून बोलावले. म्हणूनच तेथे समतेने कोणाच्या ताटातले काढून घेतले नाही. पुरुषांच्या संघाची आजची भरलेली बाकडी हे त्या समतेचेच उत्पन्न आहे. मिंक यांच्या मृत्यूनंतर, २००२ साली, टायटल नाइनला अधिकृतपणे त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या स्वतःच्या राज्यातील विद्यापीठाने त्या कायद्याची उपयुक्तता ज्या रीतीने सिद्ध केली, तिचा अभ्यास जेथे जेथे मुलींच्या खेळासाठी मैदान, वेळ आणि पैसा मागितला जातो तेथे तेथे व्हायला हवा.